कोणती मालिका सोडायची?

नवी मालिका लागली की आपण सगळ्याच बघतो, मग सवय लागते. रोज अर्धा तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे एकीला 3 तास. चार मालिकांचे झाले 12. वसईच्या वाडीतून पहाटेच्या लोकलने फुलं-भाजी घेऊन निघणाऱ्या बाईची ती झोपच असते.

जपानमध्ये ॲनिमे मालिका बहुधा 12-13 भागांच्या असतात. दर तीन महिन्यांनी नव्या येतात. बरेच शौकीन तीन भाग बघून ठरवतात. आपल्या मालिकांना शेवटच माहीत नसतो, म्हणून आम्ही गटात दोन आठवड्यांची मुदत ठेवली. मग तीन प्रश्न: गोष्ट पुढे सरकली का? चार भाग चुकले तर काही अडलं का? बाईचा छळ हीच करमणूक आहे का?

सोडली तर कलाकारांचं काय, ही काळजी नको. टीआरपीचं यंत्र निवडक घरांतच असतं. सासूबाईंची आवडती मात्र त्यांना विचारूनच बंद करा.

आम्ही चारातल्या दोन सोडल्या. आठवड्याचे 6 तास सुटले. पोरांचा अभ्यास शांतपणे होतो आणि आम्ही वेळेवर निजतो.