बैलगाडा शर्यतीचे शौकीन

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात ग्रामदैवतांच्या यात्रांनिमित्त घाटात होणाऱ्या बैलगाडा शर्यतींना नियमाने हजर राहणारा, बैलांची पारख असणारा आणि गाड्याच्या यशापयशात गावाचा मान पाहणारा प्रेक्षकवर्ग. ‘शौकीन’ ही संज्ञा केवळ बघ्याला लावीत नाहीत. बैलाची चाल, वय व पूर्वीच्या घाटांतील कामगिरी ज्याला ठाऊक असते आणि शर्यतीसाठी जो गावोगाव फिरतो, तोच शौकीन मानला जातो. भोसरी, चिखली, मोशी, तळवडे, चऱ्होली, चाकण, खेड (राजगुरुनगर) इ. गावांचा परिसर आज कारखान्यांनी व्यापला असूनही तेथे हा वर्ग टिकून आहे. औद्योगिक वस्तीतील प्रेक्षकांची खेळावरील अशी निष्ठा परदेशांत रग्बी या खेळाच्या संदर्भातही दिसून येते. त्यामुळे निरनिराळ्या राष्ट्रांतील रग्बीशौकिनांशी तुलना केली असता या निष्ठेचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

प्रदेश व पार्श्वभूमी : पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांच्या शेतजमिनींवर औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. या चार गावांची नगरपालिका १९७० मध्ये व महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. पुढे १९९७ मध्ये चिखली, मोशी, तळवडे, चऱ्होली यांसारखी गावेही तिच्या हद्दीत आली. पुणे–नाशिक महामार्गावरील चाकण हे गाव पूर्वी संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला, कांद्याची बाजारपेठ आणि जनावरांचा बाजार यांसाठी प्रसिद्ध होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे मोटारी व दुचाकी वाहनांचे मोठे कारखाने निघाले. या स्थित्यंतरात अनेक कुटुंबांची शेती गेली वा कमी झाली आणि उरलेल्या शेतीत ट्रॅक्टर आला. नांगर व मोट यांचे काम संपल्याने बैल गोठ्यातून नाहीसा होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात शेतकामाचा बैल कमी झाला. शर्यतीचा बैल मात्र अधिक जपला जाऊ लागला. जमीन गेलेल्या कुटुंबाला आपले शेतकरीपण दाखविण्याची जी थोडी साधने उरली, त्यांत दारात बांधलेली खिल्लार जोडी हे एक प्रमुख साधन ठरले.

शर्यतीचे स्वरूप : उत्तर पुणे जिल्ह्यातील शर्यत चढाच्या धावपट्टीवर होते. या धावपट्टीला ‘घाट’ व गाड्याच्या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. एका वेळी एकच गाडा सोडतात. गाड्यापुढे घोडीवर बसलेला स्वार दौडतो व बैल तिच्यामागे झेप घेतात. बारी थोड्या सेकंदांत आटोपते. निशाणापर्यंत पोहोचण्यास लागलेला वेळ घड्याळाने मोजून ध्वनिक्षेपकावरून जाहीर केला जातो. ठरावीक वेळेच्या आत येणाऱ्या गाड्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देण्याची पद्धत असल्याने एकाच क्रमांकात अनेक गाडे बसू शकतात. अत्यंत कमी वेळात घाट सर करणाऱ्या गाड्याला ‘फळीफोड’ किंवा ‘घाटाचा राजा’ असा विशेष मान मिळतो. यात्रांचा मुख्य हंगाम चैत्र-वैशाखात असतो. भैरवनाथ, खंडोबा आदी ग्रामदैवतांच्या उत्सवाशी शर्यत जोडलेली असल्याने घाटात गाडा पळविणे हे पुष्कळ घराण्यांत देवाच्या सेवेचे अंग समजले जाते.

शौकिनांची वैशिष्ट्ये : घाटाच्या दोन्ही बाजूंना गावोगावचे लोक दाटीने उभे राहतात. गाडा मालकाच्या व गावाच्या नावाने पुकारला जातो. बारी सुटताच निवेदकाची ‘भिर्रर्र’ ही आरोळी उठते व गर्दी तिला साथ देते. चांगल्या बारीनंतर भंडारा उधळला जातो. शौकिनांत बागायतदारांपासून कारखान्यातील कामगारांपर्यंत सर्व थरांतील लोक असतात. प्रेक्षकांत स्त्रियांचे प्रमाण पूर्वीपासून अल्प आहे. बैलाच्या खुराकावर व देखभालीवर होणारा खर्च बक्षिसाच्या रकमेतून क्वचितच भरून निघतो. हा खर्च गाडामालक व त्याचा गोतावळा प्रतिष्ठेसाठी सोसतो. अलीकडे बक्षिसांचे स्वरूप बदलले आहे. मे २०२२ मध्ये चिखली-जाधववाडी येथे झालेल्या मोठ्या शर्यतीत माती उकरण्याचे यंत्र, चारचाकी गाडी, ट्रॅक्टर व दुचाकी वाहने बक्षीस म्हणून ठेवण्यात आली होती. ज्या यंत्रांनी बैलाचे काम काढून घेतले, तीच त्याच्या धावेचे पारितोषिक ठरावीत, हे या पट्ट्यातील स्थित्यंतराचे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्रातील इतर भाग : सांगली, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांत शर्यत सपाट मैदानावर होते. तेथे हलक्या छकड्यावर हाकणारा बसतो व अनेक गाड्या एकाच वेळी धावतात. त्यामुळे हाकणाऱ्याचे कौशल्यही वाखाणले जाते. विदर्भातील शर्यतीला ‘शंकरपट’ म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट विशेष प्रसिद्ध आहे. रायगड जिल्ह्यात समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवरही शर्यती होत आल्या आहेत. जेथे गाडी गाडीशी झुंजते तेथे प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडतात. घाटात मात्र प्रत्येक गाड्याची लढत घड्याळाशी असते. म्हणून परगावच्या गाड्याची उत्तम बारीही तितक्याच जोराने गौरविली जाते व चुरस बहुधा बारी संपल्यावर, वेळेच्या तुलनेतून, व्यक्त होते.

रग्बीशौकिनांशी तुलना : रग्बी हा खेळ इंग्लंडमधील निवासी शाळांत वाढला व तेथून ब्रिटिश साम्राज्यात पसरला. भारतात कलकत्त्यातील इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा त्याच्या शिलकेतील चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविण्यात आला व तो १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेस देण्यात आला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी तो अद्याप दिला जातो. महाराष्ट्रात १८७५ मध्ये स्थापन झालेला बाँबे जिमखाना हे या खेळाचे जुने केंद्र होय. येथे मात्र तो दीर्घकाळ शहरी जिमखान्यांपलीकडे फारसा गेला नाही व त्याचा लोकप्रेक्षक निर्माण झाला नाही. यावरून केवळ खेळ आणून रुजविल्याने शौकीन तयार होत नाहीत, त्यासाठी समाजाला त्या खेळात आपली ओळख सापडावी लागते, हे दिसून येते.

वेल्समध्ये ही ओळख कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात घडली. खाणींमुळे दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत दूरदूरचे कामगार एकत्र आले व गावाचा रग्बी संघ हे त्यांचे समान दैवत बनले. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ येथे न्यूझीलंडच्या संघाने ‘हाका’ हे माओरी युद्धनृत्य केल्यावर वेल्सच्या खेळाडूंनी व त्यांच्यामागोमाग प्रेक्षकांनी आपले राष्ट्रगीत गाऊन उत्तर दिले. तो सामना वेल्सने ३–० असा जिंकला. तेव्हापासून समूहगायन हे वेल्श शौकिनांचे लक्षण ठरले. पिंपरी-चिंचवडची स्थिती याच्या उलट आहे. वेल्समध्ये उद्योगाबरोबर खेळ वाढला व त्याने नवागतांना सामावून घेतले. येथे शर्यत उद्योगाच्या आधीची असून ती मूळ ग्रामस्थांची खूण म्हणून उरली. मराठवाडा, विदर्भ व परप्रांत येथून आलेल्या कामगारांपैकी काही घाटात दिसतात, परंतु गाडा व मान हे मुख्यतः गावकऱ्यांचेच असतात.

इंग्लंडच्या उत्तर भागात याच खेळावरून वर्गभेद उघड झाला. गिरण्या व खाणींतील खेळाडूंना सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी, ही मागणी नाकारली गेल्याने १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना काढली. तिच्यातूनच पुढे ‘रग्बी लीग’ हा निराळा खेळ विकसित झाला. तेथील शौकिनाची निष्ठा राष्ट्राहून अधिक आपल्या गिरणगावाशी असते. या बाबतीत तो घाटातील शौकिनाला सर्वांत जवळचा आहे.

फिजी या लहान द्वीपराष्ट्रात खेळ हा राष्ट्राच्या अस्तित्वाचाच उद्‌घोष ठरतो. २०१६ च्या रीओ दे जानेरो ऑलिंपिकमध्ये सात खेळाडूंच्या रग्बीत फिजीने ब्रिटनला हरवून सुवर्णपदक मिळविले. ते त्या देशाचे पहिलेच ऑलिंपिक पदक होते. त्यानिमित्त सार्वजनिक सुटी देण्यात आली व पुढील वर्षी सात डॉलरची खास नोटही काढण्यात आली. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचा मानला गेलेला हा खेळ २४ जून १९९५ रोजी जागतिक चषकाच्या अंतिम सामन्याच्या वेळी राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांनी राष्ट्रीय संघाचा पोशाख परिधान केल्याने सलोख्याचे प्रतीक बनला.

न्यूझीलंडचे उदाहरण सर्वांत उद्‌बोधक आहे. १९८१ मध्ये वंशभेदी राजवट असलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाला तेथे खेळू द्यावे की नाही, यावरून समाज दुभंगला. अनेक घरांतही मतभेद झाले. २५ जुलै रोजी हॅमिल्टन येथे निदर्शक मैदानात उतरल्याने सामना रद्द करावा लागला. रग्बीवर जगातील सर्वाधिक प्रेम करणाऱ्या देशांत गणल्या जाणाऱ्या या देशातच, खेळाच्या आनंदापेक्षा मोठे काही असू शकते का, हा प्रश्न शौकिनांसमोर उभा राहिला. बैलगाडा शर्यतीच्या शौकिनांनाही वेगळ्या कारणाने याच प्रश्नाला सामोरे जावे लागले.

बंदी व कायदा : शर्यतीत बैलाची शेपटी पिळणे, टोचणी लावणे, चाबूक मारणे, विजेचा धक्का देणे असे प्रकार होतात, असा आक्षेप प्राणिमित्र संघटनांनी सातत्याने घेतला. केंद्र शासनाने जुलै २०११ मध्ये प्रदर्शनास व खेळांस मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जलिकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती यांवर बंदी घातली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर जलिकट्टूसाठी मोठे आंदोलन झाले. त्याच सुमारास चाकण येथेही गाडामालक व शौकीन शर्यतीच्या मागणीसाठी एकत्र आले. महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच वर्षी प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना अनुमती दिली नाही. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह तात्पुरती परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. नियमांनुसार शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक असते आणि बैलाला इजा होईल अशा साधनांचा वापर हा शिक्षापात्र गुन्हा ठरतो.

बंदीच्या काळात अनेकांनी बैल विकले. काहींनी धाव नसतानाही खुराक चालू ठेवून जोड्या राखल्या. शौकिनांच्या निष्ठेची खरी कसोटी या वर्षांत लागली. शर्यत नसेल तर खिल्लार जातीचे संगोपन कोणी करणार नाही, असा गाडामालकांचा युक्तिवाद होता. एखाद्या जातीचे रक्षण तिला वेदना देऊन होऊ शकत नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंना बैल हवा होता, हे या वादाचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

मूल्यमापन : कोणत्या देशाचे शौकीन अधिक उत्कट, हे आवाजावरून किंवा गर्दीवरून ठरविता येत नाही. वेल्श शौकीन गातो, फिजीचा शौकीन राष्ट्रीय सुटी साजरी करतो, घाटातील शौकीन भंडारा उधळतो; रीती भिन्न असल्या तरी आपले गाव वा राष्ट्र जगाने ओळखावे ही इच्छा समान असते. मात्र एक मूलभूत भेद राहतो. रग्बीचा खेळाडू स्वेच्छेने मैदानात उतरतो व दुखापतीचा धोका स्वतः पत्करतो. बैलाला ही निवड नसते. त्यामुळे घाटातील शौकिनावर रग्बीशौकिनाहून अधिक जबाबदारी येते. ज्याच्या धावेत तो आपला मान पाहतो, त्याच्या वतीने मर्यादाही त्यालाच पाळावी लागते. टोचणी लावणाऱ्या मालकाला घाटात मान न देणारे, बैल थकला की बारी नाकारणारे शौकीन जितके वाढतील, तितके या शर्यतीचे भवितव्य सुरक्षित राहील. कायद्याची परवानगी त्या अटीवरच अवलंबून आहे.