चाकांवरचे घर आणि सात दिवसांचा बेत



आपल्या हिंगोलीकडच्या माणसाला प्रवास नवा नाही. महाशिवरात्रीला औंढ्याच्या नागनाथाला, नाहीतर नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला बैलगाड्या जोडून सारे घर निघत असे. गाडीत वैरण, पाण्याची घागर, दशम्या, वाकळा. बैल सोडले की तोच मुक्काम आणि तीन दगड मांडले की तीच चूल. आज जिला कॅरव्हॅन म्हणतात ती मोटार म्हणजे हीच यात्रेची गाडी समजा. आत झोपण्याच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी आणि लहानसे शौचालय असते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण केले. अशा गाड्या आता भाड्यानेही मिळतात.

पण एक फरक ध्यानात ठेवावा. बैल थकला की आपणहून थांबतो. इंजिन थांबत नाही. म्हणून कोठे थांबायचे नि केव्हा थांबायचे, हे घर सोडण्याआधी माणसाने ठरवले पाहिजे.

उदाहरणादाखल नागपूर आणि ताडोबाचा बेत करू. पहिला प्रश्न, जायचे कधी? १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभ्याचा भाग बंद असतो. उन्हाळ्यात चंद्रपूरचे ऊन पत्र्याच्या गाडीत सोसवत नाही. शिवाय आपली शेतीची कामे आहेत. सोयाबीन घरात आले आहे, हळद काढून शिजवायला अजून अवकाश आहे, असा दिवाळीनंतरचा महिना उत्तम.

आता अंतर पाहा. वाटेतली गावे, फाटे, चहापाणी धरले तर जड गाडीचा वेग तासाला ४० किलोमीटरच धरावा. पाच तासांचे २०० झाले. एका दिवसाला तेवढे पुरे. पहिल्या दिवशी कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, हदगाव, उमरखेड या वाटेने यवतमाळ. दुसऱ्या दिवशी वर्ध्याजवळ सेवाग्रामची बापू कुटी पाहून नागपूर. तिसरा दिवस नागपूर शहराला. तेथे झिरो माइलचा दगड आहे, १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय आहे (लोक त्याला अजब बंगला म्हणतात), आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली ती दीक्षाभूमी आहे. चौथ्या दिवशी वरोऱ्यावरून चंद्रपूर, अंतर सुमारे १५० किलोमीटर. पाचवा दिवस ताडोबाचा. सहाव्या दिवशी वणीमार्गे पुन्हा यवतमाळ आणि सातव्या दिवशी घर.

बेत सोपा दिसतो. पण निघायचा वार कोणता? संग्रहालय सोमवारी बंद असते आणि ताडोबा मंगळवारी. शुक्रवारी निघालात तर पाचवा दिवस मंगळवार येतो आणि वाघाचे दार लागलेले सापडते. शनिवारी निघालात तर नागपूरचा दिवस सोमवार पडतो आणि अजब बंगला हुकतो. गुरुवारी निघा, म्हणजे दोन्ही साधतात. एका वाराच्या चुकीने अख्खी खेप वाया जाते, ती अशी.

ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. १९९५ साली अंधारी अभयारण्यासह तेथे व्याघ्रप्रकल्प झाला. तेथे आपले चाकांवरचे घर आत नेता येत नाही. ते बाहेर ठेवून नोंदणी झालेल्या उघड्या गाडीतून, वाटाड्या सोबत घेऊन जावे लागते. सकाळ आणि दुपार अशा दोन फेऱ्या असतात. जागा आधीच राखून ठेवावी. जंगलाच्या रस्त्यालगत गाडी लावून चूल पेटवू नये. मुक्काम चंद्रपुरास किंवा मोहर्लीच्या निवासाच्या आवारातच करावा.

पाण्याचा हिशेब शाळेतल्या मुलांना घालावा. माणशी रोज १५ लिटर धरले तर पाच माणसांना ७५ लिटर लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूसच जादा बसवला की! दोन दिवसांचे पाणी भरले तर दोन माणसे. म्हणून टाकी रोज भरावी, आणि सांडपाणी ओढ्यात सोडू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. गाडी चालू असताना गॅसची टाकी बंद ठेवावी आणि फळीवर कोणी झोपू नये. सर्वांनी पट्टा लावून बसावे. रात्री थंडी वाजते म्हणून दारे-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही. झोपलेले माणूस झोपेतच जाते. आणि चालकाची झोप पुरी झाल्याखेरीज चाक हलवू नये. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीर झोप मागतेच. चहा पिऊन ती फार काळ टळत नाही. "आता घर जवळच आहे, रातोरात जाऊ," हे शेवटच्या दिवशीचे बोलणे घातकी असते. ते कोणी बोलले तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी सरळ नाही म्हणावे.

शिक्षकांना या वाटेवर एक नामी धडा आहे. आपल्या कयाधूचे पाणी पैनगंगेला मिळते आणि पैनगंगा वर्धा नदीला. हदगावाहून उमरखेडला जाताना पैनगंगेचा पूल लागतो, चंद्रपुराहून वणीला येताना वर्धेचा. दोन्ही पुलांजवळ नकाशा उघडून मुलांना विचारा, "आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी वर्धेला कोणत्या वाटेने मिळते?" ज्या मुलाने हे ओळखले त्याला भूगोल पाठ करावा लागणार नाही.

तर मंडळी, घर चाकांवर घ्या, खुशाल देश पाहा. मात्र आपल्या वाडवडिलांची ती चाल सोडू नका. दिवस मावळायच्या आत गाडी सोडावी, पाणी जवळ करावे, आणि सकाळी ताज्या दमाने निघावे.