‘के’ आडनावाचे गोत

उत्तर चीनमधल्या हबेई प्रांतात शिजियाझुआंग नावाचे मोठे शहर आहे. तेथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत एका भारतीय डॉक्टरचे स्मारक आहे. हा डॉक्टर आपल्या सोलापूरचा. पण तेथल्या एखाद्या शाळकरी मुलाला ‘डॉक्टर कोटणीस कोठे आहेत?’ असे विचारले तर तो आपल्याकडे नुसता पाहत राहील. ‘के दिहुआ’ म्हणा, म्हणजे तो लगेच वाट दाखवील.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची कथा मराठी घरांत ठाऊक असते. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि ती कथा देशभर पोहोचली. मात्र चीनने त्यांना जे आडनाव दिले, त्या ‘के’चा अर्थ काय, ते आले कोठून, आज ते कोण लावतात, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. ती केली तर एक मोठे गंमतीचे आणि थोडे चटका लावणारे प्रकरण हाती लागते.

दांड्याचा अर्थ

चिनी माणसाचे आडनाव आधी येते आणि नाव नंतर. आडनाव बहुतेक वेळा एकाच अक्षराचे असते. ‘के’ हे असेच एकाक्षरी आडनाव. चिनी तोंडून त्याचा उच्चार ‘ख’च्या जवळचा ऐकू येतो. अक्षराच्या डाव्या अंगाला ‘झाड’ हे चिन्ह आहे आणि उजव्या अंगाला उच्चार सुचवणारे चिन्ह. अर्थ दोन : झाडाची फांदी आणि कुऱ्हाडीचा दांडा.

कुऱ्हाडीचा दांडा म्हटला की मराठी माणसाच्या तोंडी पुढचे शब्द आपोआप येतात, ‘गोतास काळ’. दांडा लाकडाचा, कुऱ्हाड चालते तीही लाकडावर. तेव्हा दांडा हा घरभेद्या, असा निकाल आपल्या म्हणीने कधीच देऊन टाकला आहे.

चिनी परंपरेने याच दांड्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. नवा दांडा तोडायला कुऱ्हाड हवी, आणि त्या कुऱ्हाडीला आधीच एक दांडा हवा. लग्नाचेही तसेच, मधला माणूस असल्याशिवाय ते जुळत नाही. हा दाखला चीनच्या ‘शीचिंग’ या अडीच हजार वर्षांहून जुन्या काव्यसंग्रहातला आहे. तेव्हापासून लग्न जुळवणाऱ्याला चिनी भाषेत ‘दांडा तोडणारा’ म्हणतात आणि मध्यस्थी करण्याला ‘दांडा हाती धरणे’. आपल्याकडे जो गोतास काळ, तो तिकडे दोन गोते जोडणारा ठरला.

या दांड्याची आणखी एक कथा चिनी मुले ऐकत मोठी होतात. वांग ची नावाचा लाकूडतोड्या डोंगरावर गेला. तेथे काहीजण पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळत होते. तो पाहत उभा राहिला. डाव संपता संपता सहज खाली पाहतो, तर त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा कुजून गेलेला! घरी परतला तेव्हा त्याच्या पिढीचे कोणीच उरले नव्हते. ब्रह्मदेवाच्या सभेत क्षणभर थांबलेल्या रेवतीच्या पित्याची आपली पुराणकथा येथे आठवावी. तेव्हापासून त्या खेळाला ‘कुजलेला दांडा’ असेही नाव पडले. जगात तो ‘गो’ म्हणून ओळखला जातो. योगायोग असा, की आपल्या काळात या खेळातला चीनचा सर्वांत गाजलेला खेळाडूही ‘के’च आहे. १९९७ साली जन्मलेला के जिए. मे २०१७ मध्ये संगणकाच्या ‘अल्फागो’ या कार्यप्रणालीशी त्याने तीन डाव मांडले आणि तिन्ही हरला. तो सामना साऱ्या जगाने पाहिला.

धाकट्यासाठी सोडलेले राज्य

के कुळाची परंपरा आपले मूळ ‘वू’ या प्राचीन राज्यात सांगते. ते आजच्या सूचौ शहराच्या परिसरात होते. त्याची स्थापनेची कथा आपल्याला परकी वाटणार नाही. झोऊ घराण्याच्या प्रमुखाला तीन मुलगे. धाकट्याकडे गादी जावी अशी पित्याची इच्छा आहे, हे ओळखून ताइबो आणि झोंगयोंग हे दोघे थोरले भाऊ आपण होऊन दक्षिणेकडे निघून गेले. तेथल्या अपरिचित लोकांत राहिले, त्यांच्यासारखे गोंदवून घेतले आणि तेथेच वू राज्य उभे राहिले. राज्यासाठी भांडणारे भाऊ इतिहासात पैशाला पासरी सापडतात. राज्य सोडून जाणारे भाऊ थोडे.

त्या राजवंशाच्या यादीत केसियांग आणि केलू अशी नावे येतात. या केलूच्या वंशजांनी पूर्वजाच्या नावातले ‘के’ आडनाव म्हणून घेतले, असे कुळाच्या बखरी सांगतात. इसवी सनापूर्वी ४७३ मध्ये शेजारच्या यूए राज्याने वू बुडवले. राज्य गेले, राजधानी गेली, पण आडनाव मात्र टिकले.

ही झाली एक धारा. दुसरी अगदी निराळी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर चीनवर ‘स्यानबेई’ या घोडेस्वार टोळ्यांचे राज्य आले. हे लोक चिनी नव्हते, त्यांची भाषाही वेगळी होती. त्यांचा सम्राट स्याओवेन याने राजधानी लोयांगला हलवली आणि इसवी सन ४९६ मध्ये फर्मान काढले की आपल्या लोकांनी चिनी आडनावे लावावीत. त्याने स्वतःपासून सुरुवात केली. त्याचे घराणे ‘तुओबा’चे ‘युआन’ झाले. त्या वेळच्या यादीत ‘केबा’ नावाचे एक कुळ आहे. ते झाले नुसते ‘के’.

म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच या आडनावाने परक्यांना आपल्यात घेतले होते. आज एखाद्या के कुटुंबाला आपण वूच्या राजपुत्राचे की स्यानबेई घोडेस्वाराचे, असे विचारले तर ते बहुधा पहिलेच उत्तर देईल. कुळाचा अभिमान सगळीकडे सारखाच.

आज किती, आज कोठे

चीनमध्ये आडनावांची दाटी विलक्षण आहे. वांग, ली, झांग, लिऊ आणि चेन ही पहिली पाच आडनावेच सुमारे तीस टक्के लोकांची आहेत. वांग आणि ली तर प्रत्येकी दहा कोटींच्या घरात. या गर्दीत ‘के’ला पहिल्या शंभरांत जागा नाही. तरी ते अगदी दुर्मीळही नाही. सोंग काळाच्या आरंभी रचलेल्या आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी घोकलेल्या ‘शंभर कुळांच्या आडनावां’त ते आहे. (नावात शंभर असले तरी त्या पाठात पाचशेवर आडनावे आहेत.) मध्य चीनमध्ये हुबेई प्रांतातल्या यांगशिन भागात के घराण्यांची मोठी वस्ती आहे. तशीच ती दक्षिणेला फुजियान आणि ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावरही आहे.

फुजियानचे लोक दर्यावर्दी. ते समुद्रापार गेले, तसे आडनावही गेले आणि त्याचा उच्चार बदलत गेला. फुजियानच्या बोलीत ते ‘क्वा’ होते, ग्वांगडोंगच्या कँटनी बोलीत नुसते ‘ओ’, व्हिएतनाममध्ये ‘खा’. तैवानात रोमन लिपीत ते ‘को’ असे लिहितात, आणि तेथे हे आडनाव पहिल्या पन्नासांत आहे. २०१४ ते २०२२ अशी आठ वर्षे तैपेईचे महापौर असलेले को वेन-जे हे मूळचे शल्यचिकित्सक, आणि आडनावाने ‘के’च. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांच्या पत्नी क्वा गिओक चू याही त्याच अक्षराच्या. कायद्याच्या अभ्यासात त्या पतीच्या तोडीस तोड होत्या. त्यांचे माहेरचे आडनाव लग्नानंतरही कायम राहिले. चिनी बायकांच्या बाबतीत ही जुनीच रीत आहे. लग्नात आडनाव बदलणे आणि उखाण्यात नवे नाव गुंफणे ही आपली तऱ्हा त्यांना नवलाची वाटते.

फुजियान-तैवानकडे आणखी एक पद्धत आहे. तेथले ‘के’ आणि ‘त्साय’ ही दोन कुळे स्वतःला एकाच मुळाच्या फांद्या मानतात. दोघांच्या घरावरचा कुलसंकेत एकच, ‘जीयांग’. म्हणून परस्परांत सोयरीक करायची नाही, असा जुना दंडक होता. सगोत्र विवाहाच्या चर्चा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

कोटणीस ‘के’ कसे झाले?

आता पुन्हा सोलापूरकडे वळू. जपानने चीनवर आक्रमण केले होते. १९३८ साली काँग्रेसने चीनच्या मदतीला पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस होते. कोटणीस तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते.

तेथे पोहोचल्यावर प्रत्येकाला चिनी नाव मिळाले. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्रमुख तान युन-शान त्या वेळी चोंगचिंगला होते. नावे त्यांनी दिली. युक्ती सोपी होती. मूळ नावातला ध्वनी घ्यायचा आणि शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडायचे. बसू झाले ‘बा सूहुआ’. कोटणीस हे संपूर्ण चिनी अक्षरांत ‘के-दि-नि-स’ असे उतरते. त्यातली पहिली दोन घेतली, ‘हुआ’ जोडले आणि ‘के दिहुआ’ तयार झाले. उत्तरेकडच्या बोलीत ‘को’ असा नेमका ध्वनीच नाही, म्हणून जवळचा ‘के’. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइलही याच न्यायाने चीनमध्ये ‘केनान’ झाले आहेत.

आता मौज पाहा. चिटणीस, फडणीस, कोटणीस यांतला ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. दफ्तरात लेखणी चालवणाऱ्याचे आडनाव घेऊन निघालेला तरुण चीनमध्ये कुऱ्हाडीचा दांडा झाला! आणि ‘दिहुआ’चे काय? ‘दि’ हे एका रानझाडाचे नाव आणि ‘हुआ’चा जुना अर्थ फूल. त्या झाडाची दाट, एकमेकांना बिलगलेली फुले ही चिनी साहित्यात भावाभावांच्या प्रेमाची खूण मानली जाते. हा संकेतही त्याच ‘शीचिंग’मधून आलेला. ध्वनीसाठी निवडलेली अक्षरे, पण शिकलेल्या चिनी माणसाला त्यात बंधुभावाचा अर्थ ऐकू येतो.

ते नाव कोटणिसांनी खरे केले. पथकातले सोबती एकेक करून परतले. हे राहिले. चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. आडनाव अर्थातच बापाचे, के. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस.

के यिनहुआ वैद्यकशास्त्र शिकू लागला होता. १९६७ साली, पंचविशीच्या आतबाहेर, तोही गेला. सोलापूरहून निघालेली ‘के’ची ही फांदी तेथे खुंटली. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत जगल्या.

वंशावळीच्या हिशेबाने येथे सारे संपले. आडनाव पुढे चालवायला मुलगा हवा, हा हिशेब तिकडे आपल्याइतकाच पक्का आहे. मुलगा नाही तर नाव बुडाले, असे म्हणणाऱ्या आज्या दोन्ही देशांत सारख्याच. पण हे नाव बुडालेले नाही. शिजियाझुआंगमध्ये एका वैद्यकीय विद्यालयाला के दिहुआंचे नाव आहे. मधल्या काळात दोन्ही देशांत १९६२ चे युद्ध झाले, २०२० मध्ये गलवानला जवान पडले, संबंध अनेकदा तुटेपर्यंत ताणले गेले. तरी त्या स्मारकाला कोणी धक्का लावला नाही. २०१३ मध्ये चीनचे पंतप्रधान ली खछ्यांग मुंबईत आले, तेव्हा त्यांनी कोटणिसांच्या वृद्ध भगिनीची भेट घेतली होती.

वूच्या राजपुत्राकडून आलेले ‘के’ रक्ताने झाले, घोडेस्वारांचे ‘के’ फर्मानाने झाले. सोलापूरचा एकच ‘के’ जखमींची शुश्रूषा करून झाला. सोलापुरातही त्यांचे स्मारक आहे. तेथे जाणे झाले आणि बरोबरच्या मुलांनी विचारले, की चिनी लोक यांना वेगळ्याच नावाने का ओळखतात, तर त्यांना कुऱ्हाडीच्या दांड्याची गोष्ट जरूर सांगावी. आपली म्हण आधी सांगावी, आणि त्यांची मागून.