जागा फुकट, पावलं मोलाची

उन्हाळ्यात भर दुपारी धुळ्याच्या आग्रा रोडवर शुकशुकाट असतो. ऊन कललं की तिथल्या पाचकंदील चौकाकडे पाय ठेवायला जागा उरत नाही. वाटतं, ही पेठ आपोआपच वाढली असेल. छे! या शहरात व्यापारी चक्क आमंत्रण देऊन आणले होते.

1819 साली धुळ्यात अवघी 401 घरं आणि 2,509 माणसं. ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जनं खानदेशचं मुख्य ठाणं म्हणून हे गाव निवडलं. पण नुसत्या कचेऱ्यांनी शहर होत नाही. म्हणून त्यानं येणाऱ्यांना कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, वर घर बांधायला उचलही दिली. 1872 पर्यंत वस्ती 12,489 वर गेली.

गंमत अशी, की आजचा मॉल हेच करतो. नावाजलेल्या मोठ्या दुकानाला तो स्वस्तात जागा देतो, कारण त्याच्या नावावर गर्दी येते. त्या गर्दीसाठी शेजारचा छोटा गाळेवाला चौरस फुटामागे कितीतरी जास्त भाडं मोजतो. मॉल भाडं घेतो जागेचं, पण विकतो पावलं!

1956 साली अमेरिकेत मिनियापोलिसच्या उपनगरात वास्तुकार व्हिक्टर ग्रुएननं रचलेला साउथडेल मॉल उघडला. बाहेर बर्फ पडो की ऊन तापो, आत कायम 24 अंश. तो उभारला कुणी? शहराच्या पेठेतल्याच डेटन या बड्या दुकानानं, आणि आपल्या प्रतिस्पर्ध्यालाही त्याच छपराखाली जागा दिली! गिऱ्हाईक तिकडे वळलं तशी जुनी पेठ सावध झाली. तिनं 1967 मध्ये निकोलेट रस्त्यावर खासगी मोटारी बंद करून तो पायी फिरणाऱ्यांसाठी सजवला. तरीही डेटननं ज्या इमारतीत नाव कमावलं, तिथलं दुकान 2017 साली कायमचं बंद झालं.

धुळ्यात मात्र आग्र्याकडे जाणारा महामार्ग वळणरस्त्यानं शहराबाहेर गेला, पण आग्रा रोडचं नाव टिकलं आणि गर्दीही. कारण लग्नाचा बस्ता बांधायला वीस माणसं येतात. आत्या, मामी, काकू गादीवर ऐसपैस बसतात, चहा येतो, साड्यांचा ढीग पडतो, भावावरून हुज्जत होते. मॉलमध्ये थंड हवा मिळते. ही गादी तिथे कोण अंथरणार?