विमानाने धम्मयात्रा : औषधाची पिशवी हातातच ठेवा



पूर्वी भिवंडीतून बोधगयेला निघायचे म्हणजे कल्याणहून रेल्वे ठरलेली. पाण्याचा कॅन, लोणच्याची बरणी, तेलाची बाटली, सगळे सोबत असायचे. आता विहारातले उपासक-उपासिका विमानानेही जातात. कोणी लुंबिनीला, कोणी श्रीलंकेला. त्यात साठी ओलांडलेले पुष्कळ. आयुष्य यंत्रमागावर गेलेले, म्हणून कोणाला खोकला, कोणाला दमा. मधुमेह तर घरोघरी.

अशाच एका परदेश यात्रेत आम्हाला दोन धडे मिळाले. एका काकांची खोकल्याच्या औषधाची २०० मिलीची बाटली तपासणीत काढून घेतली. बाटलीत औषध थोडेच उरले होते, पण डॉक्टरांची चिठ्ठी घरी राहिली होती. दुसरा धडा महाग पडला. एका मावशींनी इन्सुलिन मोठ्या बॅगेत ठेवले आणि ती बॅग दुसऱ्या दिवशी पोचली. त्या रात्री अनोळखी शहरात आम्ही औषधाचे दुकान शोधत फिरलो. दोष मावशींचा नव्हता. निघण्यापूर्वी त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि सांगायचे काम आमचे होते.

नियम का आला?

ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. लंडनहून अमेरिका व कॅनडाकडे जाणारी विमाने पेयाच्या बाटल्यांतून नेलेल्या द्रव स्फोटकांनी उडवायची, असा तो डाव होता. त्यानंतर जगभर हातातल्या सामानातील द्रवपदार्थांवर मर्यादा आली.

नियम काय आहे?

आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेतली द्रवाची प्रत्येक बाटली १०० मिलीपर्यंतचीच हवी. या सगळ्या बाटल्या एक लिटरच्या, तोंड बंद होणाऱ्या एकाच पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. मोजतात ते बाटलीचे माप, आत किती उरले ते नाही. खोबरेल तेल, बाम, टूथपेस्ट, मलम, दही, चटणी हेही द्रवातच धरतात. देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली सहसा तपासून सोडतात, पण शेवटचा निर्णय तपासणी करणाऱ्या जवानाचा असतो. म्हणून सवय कडक नियमाचीच ठेवावी.

औषधांना सवलत आहे

प्रवासात लागणारी औषधे आणि तान्ह्या बाळाचे दूध यांना १०० मिलीची अट लागत नाही. मात्र ती वेगळी काढून दाखवावी लागतात. त्यासाठी :

• डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. चिठ्ठीवरचे नाव तिकिटावरच्या नावाशी जुळू द्या.
• औषध मूळ खोक्यात, लेबलसह ठेवा. दुसऱ्या बाटलीत ओतू नका.
• इन्सुलिन, सुया आणि दम्याचा पंप हातातल्या बॅगेतच ठेवा. विमानाच्या पोटातल्या थंडीत इन्सुलिन गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते. त्याच कारणाने ते बर्फालाही थेट टेकवू नका.
• न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. वापरात असलेले बहुतेक प्रकार ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतात. तरी आपल्या खोक्यातला कागद वाचून घ्या.
• साखर अचानक उतरली तर खडीसाखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या खिशात असाव्यात. फळांचा रस तपासणीत अडकेल, गोळ्या अडकणार नाहीत.
• जलसंजीवनीची पावडर न्या, तयार पाणी नको. पाण्याची बाटली रिकामी न्या आणि तपासणी झाल्यावर भरून घ्या.
• कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी किंवा कामाला जाणाऱ्या मुलांनी आधी परवानगीची चौकशी करावी.

बाबासाहेबांना मधुमेह होता. ते इन्सुलिन घेत. प्रकृती खालावलेली असतानाही नोव्हेंबर १९५६ मध्ये ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. आजार असला म्हणून प्रवास सोडायचा नाही, पण तयारीत कसूर करायची नाही, एवढे आपण त्यातून घेऊ.

तपासणीच्या रांगेत आपली माणसे अनेकदा गोंधळतात. पहिल्यांदाच विमानात बसणारी आजी जवानाने हटकले की औषध मुकाट्याने टाकून देते. तिला सांगून ठेवा : घाबरायचे नाही, चिठ्ठी दाखवायची आणि म्हणायचे, "साहेब, हे माझे रोजचे औषध आहे." नियम ठाऊक असला की मान खाली घालावी लागत नाही.

यात्रेच्या आदल्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. प्रत्येकाची औषधाची पिशवी तरुणांनी उघडून पाहावी. ज्याच्याकडे चिठ्ठी नसेल, त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!