उलाढालीच्या आकड्यांतील तफावतीवर आधारित करनिर्धारण आणि न्यायालयीन पुनर्विलोकन

प्रस्तावना

भारतात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून एकाच व्यापाऱ्याची उलाढाल अनेक ठिकाणी नोंदली जाते. जीएसटीआर-१ मध्ये बिलांचा तपशील येतो, जीएसटीआर-३बी मध्ये कराचा गोषवारा येतो, जीएसटीआर-९ हे वार्षिक विवरणपत्र असते, आणि प्राप्तिकर खात्याच्या नमुना २६एएसमध्ये मुळातून कापलेल्या कराच्या नोंदी असतात. हे आकडे संगणकावर शेजारी शेजारी ठेवले की तफावत तत्काळ दिसते. परंतु तफावत म्हणजे करचुकवेगिरी नव्हे. या दोहोंमधील अंतर अधिकाऱ्याने कसे कापावे आणि त्यात चूक झाल्यास न्यायालय कोठवर हस्तक्षेप करते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तफावत का निर्माण होते?

आकडे वेगळे असण्याची अनेक वैध कारणे संभवतात. प्राप्तिकर कायदा व्यक्तीचा किंवा संस्थेचा संपूर्ण देशातील व्यवसाय एकत्र पाहतो, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी राज्यनिहाय असते. एका राज्यातील शाखेने दुसऱ्या राज्यातील स्वतःच्याच शाखेकडे माल पाठविला, तर तो या करकायद्याच्या दृष्टीने पुरवठा ठरतो. नफातोट्याच्या पत्रकात मात्र ती विक्री नसते. जुनी यंत्रसामग्री विकल्यास तिचा समावेश करपात्र पुरवठ्यात होतो, पण व्यवसायाच्या विक्रीत होईलच असे नाही. शिवाय रक्कम देणारा पक्ष ती ज्या वर्षी खाती नोंदवितो, त्या वर्षी २६एएसमध्ये नोंद उमटते. बिल कदाचित आदल्या वर्षीचे असते.

हा मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका ठेकेदाराच्या २६एएसमध्ये ६० लाख रुपये दिसतात आणि जीएसटीआर-३बी मधील करपात्र उलाढाल ४८ लाखांची आहे. फरक १२ लाखांचा. अधिकाऱ्याने संपूर्ण फरकावर १८ टक्के दराने आकारणी केल्यास मागणी २ लाख १६ हजारांची होते. मात्र त्यातील ५ लाख करमुक्त सेवेचे आणि ४ लाख आदल्या वर्षी बिल करून त्याच वर्षी कर भरलेल्या कामाचे असल्याचे कागदपत्रांवरून सिद्ध झाले, तर प्रश्न केवळ ३ लाखांचा, म्हणजे ५४ हजार रुपये कराचा उरतो. व्याज व दंड याच रकमेवर अवलंबून असल्याने लहान व्यावसायिकासाठी हा फरक खेळत्या भांडवलाचा प्रश्न ठरतो.

कायद्याने आखलेला मार्ग

विवरणपत्रांची छाननी कलम ६१ खाली होते. अधिकारी नमुना एएसएमटी-१० द्वारे तफावत कळवितो, व्यापारी एएसएमटी-११ मध्ये खुलासा देतो आणि खुलासा समाधानकारक असल्यास एएसएमटी-१२ ने प्रकरण बंद होते. अन्यथा २०२३-२४ पर्यंतच्या आर्थिक वर्षांसाठी कलम ७३ किंवा ७४ आणि २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी कलम ७४ए प्रमाणे कारणे दाखवा नोटीस निघते. कलम ७५ मध्ये तीन महत्त्वाची बंधने आहेत. प्रतिकूल निर्णय संभवत असल्यास सुनावणी द्यावी लागते. आदेशात संबंधित तथ्ये व निर्णयाचा आधार नमूद करावा लागतो. आणि नोटिशीत नसलेल्या कारणावरून किंवा त्यातील रकमेपेक्षा अधिक मागणी करता येत नाही.

जीएसटीआर-१ मध्ये दाखविलेला, पण जीएसटीआर-३बी मध्ये न भरलेला कर याला मात्र अपवाद आहे. १ जानेवारी २०२२ पासून अशी रक्कम स्वयंनिर्धारित कर मानली जाते व तिची थेट वसुली होऊ शकते. तथापि डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या नियम ८८सी नुसार विहित मर्यादेपेक्षा अधिक फरक असल्यास प्रथम सूचना जाते आणि सात दिवसांत भरणा अथवा खुलासा करण्याची संधी मिळते.

न्यायालयांची भूमिका

हा प्रश्न नव्या कराबरोबर जन्मलेला नाही. ढाकेश्वरी कॉटन मिल्स प्रकरणात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, करनिर्धारण अधिकारी पुराव्याच्या तांत्रिक नियमांनी बांधलेला नसला तरी निव्वळ संशयावरून किंवा अंदाजावरून निर्धारण करता येत नाही. गिरधारीलाल नन्नेलाल प्रकरणात (१९७६) रोकडवहीत भागीदाराच्या पत्नीच्या नावे जमा असलेल्या रकमेचा समाधानकारक खुलासा झाला नव्हता. तरीही ती रक्कम विक्रीतूनच आली हे दाखविल्याखेरीज तिच्यावर विक्रीकर लावता येत नाही, असा निर्णय झाला.

याची दुसरी बाजूही आहे. एसुफली प्रकरणात (१९७३) व्यापाऱ्याच्या हिशेबाबाहेरील १९ दिवसांचे व्यवहार उघडकीस आले होते. त्यांची रक्कम ३१,१७१ रुपये २८ पैसे होती. त्या आधारे संपूर्ण वर्षाच्या लपविलेल्या उलाढालीचा अंदाज बांधणे न्यायालयाने वैध मानले. जो स्वतःचे व्यवहार दडवितो, त्याला अंदाज तंतोतंत नाही अशी तक्रार करता येत नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

तफावत तिसऱ्याच्या नोंदींमुळे निघाली असेल तर काय, याचे उत्तर के. टी. शादुली प्रकरणात (१९७७) मिळते. तेथे इतर घाऊक व्यापाऱ्यांच्या वह्यांत दिसणारी विक्री संबंधित व्यापाऱ्याच्या वह्यांत नव्हती. त्या व्यापाऱ्यांची उलटतपासणी घेण्याचा त्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. मूल्यवर्धित कराच्या काळात मद्रास उच्च न्यायालयाने जेकेएम ग्राफिक्स प्रकरणात (२०१७) हाच विचार संगणकीय जुळणीला लावला. केवळ संकेतस्थळावरील नोंदी जुळत नाहीत म्हणून मागणी न काढता अधिकाऱ्याने दुसऱ्या बाजूच्या व्यापाऱ्याकडे चौकशी करावी, असे त्या निर्णयाचे सार आहे.

रिट याचिकेच्या मर्यादा

अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आकड्यांचा हिशेब सहसा नव्याने करीत नाही. निर्णयाची प्रक्रिया तपासते. अपिलाचा पर्याय असताना रिट केव्हा चालते, हे व्हर्लपूल (१९९८) व कमर्शियल स्टील (२०२१) या निर्णयांतून दिसते. मूलभूत हक्कांचा भंग, नैसर्गिक न्यायाचे उल्लंघन, अधिकारकक्षेचा अतिक्रम आणि कायद्याच्या वैधतेला आव्हान हे प्रमुख अपवाद होत. खुलासा दाखल असूनही आदेशात त्याचा विचार नसणे, किंवा सुनावणी नाकारणे, हे दोष या कक्षेत येतात.

पोर्टलवर टाकलेली नोटीस अनेक लहान व्यापाऱ्यांना कळतच नाही आणि एकतर्फी आदेश होतो. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा अनेक प्रकरणांत विवादित कराच्या १० टक्के भरण्याच्या अटीवर आदेश रद्द करून ते फेरनिर्णयासाठी परत पाठविले. ही सवलत हक्क म्हणून गृहीत धरता येत नाही. कलम १०७ खालील अपिलाची मुदत तीन महिन्यांची असून पुरेशा कारणास्तव आणखी एक महिना मिळतो. ग्लॅक्सो स्मिथक्लाइन प्रकरणात (२०२०) अपिलाची कमाल मुदत उलटल्यावर रिटचा आधार घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आहे.

समारोप

वरील निर्णयांवरून असे दिसते की, तफावत ही चौकशीचे कारण होऊ शकते, चौकशीचा निष्कर्ष नव्हे. फरक कोठून आला हे सांगण्याची प्राथमिक जबाबदारी व्यापाऱ्याची आहे, कारण वह्या त्याच्याकडे असतात. त्या खुलाशाचे कारणांसह उत्तर देण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे. यास्तव ताळमेळाचे पत्रक वर्षअखेरीसच तयार ठेवणे आणि पोर्टलवरील सूचना नियमित पाहणे व्यापाऱ्याच्या हिताचे ठरते. न्यायालय हिरावलेली संधी परत देऊ शकते. हिशेब मात्र व्यापाऱ्यालाच मांडावा लागतो.