काळवीट आणि काडतूस

येवल्याची कीर्ती पैठणीमुळे सर्वदूर पसरलेली आहे. परंतु त्याच तालुक्याच्या ईशान्येस ममदापूर, राजापूर, खरवंडी या गावांच्या भोवती जो उघडा, अल्पवृष्टीचा माळ आहे, त्यावर काळविटांचे कळप नांदतात, ही गोष्ट शहरवासी सुशिक्षितांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. नराची पाठ काळीभोर, पोट पांढरेशुभ्र, मस्तकावर मळसूत्राप्रमाणे पिळदार शिंगे. मादी पिवळसर तपकिरी आणि बहुधा शिंगांवाचून. बोलीत त्याला हरीण म्हणतात खरे. पण शास्त्रदृष्ट्या तो सांबर-चितळांच्या कुळातला नव्हे. सांबराची शिंगे ठराविक काळाने गळून पुन्हा उगवतात, काळविटाची जन्मभर टिकतात. आणि या बाबतीत तो शेळ्यामेंढ्यांचाच भाऊबंद ठरतो.

ही शिंगे महाराष्ट्रातील कित्येक जुन्या वाड्यांच्या भिंतींवर अद्याप दिसतात. कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांत काळविटावर शिकवलेले चित्ते सोडण्याची चाल होती. इतरत्र बंदूकच चाले. अशा घरातील मुलाला पहिल्यांदा रानात नेताना वडीलधाऱ्यांपुढे जो प्रश्न पडे, तो बंदुकीपेक्षा काडतुसाचा असे. आज येवल्याच्या माळावर हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि तो का उद्भवत नाही हे पुढे येईलच. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील एखाद्या मुलास त्याचे शाळासोबती नोव्हेंबरातील हरणाच्या शिकारीस बोलावतात, तेव्हा तोच प्रश्न त्या घरात नव्याने उभा राहतो, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नसते.

काडतूस हा शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आला. ती वस्तू चार भागांची असते: पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर आघात होतो, दारू पेटते, तिचा वायू होऊन गोळीला पुढे रेटतो. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असल्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे आपला तोल सांभाळते. साध्या छऱ्याच्या बंदुकीत ही सोय नसते. म्हणूनच मोठ्या छऱ्यांनी दूरवरच्या काळविटावर बार टाकणे जाणत्या शिकाऱ्यांना नापसंत असे. दोनचार छरे लागलेले जनावर पळून जाई आणि कोठेतरी झुडपात तडफडत मरे.

खरी गुंतागुंत आहे ती गोळीच्या बांधणीत. जुन्या काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. तिच्या जोरावर शिशाची नुसती गोळी चालत असे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू सिद्ध केली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. तो वेग मऊ शिशाला सोसेना. नळीतल्या खाचांत ते खरवडून राहू लागले. तेव्हा शिशावर तांबेमिश्रित कठीण कवच चढविण्यात आले. कवचामुळे दुसरीच अडचण उत्पन्न झाली. अशी बारीक, कठीण गोळी देहातून सुईसारखी आरपार निघून जाई, आणि ज्याला ती लागली तो पुष्कळदा चालतच राही. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर इंग्रजी सैन्याने नेमकी हीच तक्रार केली. त्यावर कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकावरचे कवच काढून शिसे उघडे ठेवले. देहात शिरताच ती गोळी छत्रीसारखी फुलत असे. तिच्या जखमा इतक्या भयंकर ठरल्या की १८९९ च्या हेग परिषदेत फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा ठराव झाला. ब्रिटनने तो मान्य करण्यास १९०७ साल उजाडले. दमदमचे नाव मात्र जगातील अनेक भाषांत त्या गोळीला कायमचे चिकटले आहे.

येथे एक चमत्कारिक विरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. जी गोळी माणसावर झाडणे निषिद्ध, तीच हरणावर झाडणे अनेक देशांत सक्तीचे आहे. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीणविषयक कायद्याप्रमाणे मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी रायफलीत चालते. कारण उघड आहे. युद्धात शत्रू जायबंदी झाला की हेतू साधतो; शिकारीत जनावर जायबंदी होऊन निसटणे हीच सर्वांत मोठी नामुष्की. त्याला तत्काळ मृत्यू यावा, एवढी दया शिकाऱ्याकडून अपेक्षित असते, आणि फुलणारी गोळी ती साधते. तेव्हा नवशिक्याच्या काडतुसांची पेटी घेताना पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे गोळी पूर्ण कवचाची आहे की मऊ टोकाची. लष्करी बनावटीचा माल स्वस्तात मिळतो म्हणून हरणासाठी घेणे हे शुद्ध अज्ञान होय.

दुसरी गोष्ट गोळीचे वजन व वेग. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगण्याचा प्रघात आहे. १०० ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. ‘.२४३ विंचेस्टर’ नावाच्या काडतुसातून एवढ्या वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते आणि तिच्या अंगी सुमारे २,६०० जूल ऊर्जा असते. ‘.३०-०६’ या थोरल्या काडतुसातील १८० ग्रेनच्या गोळीची ऊर्जा ३,९०० जूलच्या आसपास जाते. उलट निशाणबाजीच्या ०.२२ इंची काडतुसाची ऊर्जा दीडशे जूलच्या घरात असल्यामुळे हरणावर ते चालविणे निव्वळ क्रौर्य ठरते. जर्मनीत लहान ‘रो’ हरणासाठी १०० मीटरवर किमान १,००० जूल आणि त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी २,००० जूल असा दंडकच आहे.

मग थोरलेच काडतूस का घेऊ नये? अनेक वडील तसेच करतात, आणि तेथेच चुकतात. जितका जोर पुढे, तितका धक्का मागे. सारख्या वजनाच्या रायफलीत ‘.३०-०६’ चा धक्का ‘.२४३’ च्या सुमारे दुप्पट बसतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्याला तो एकदा बसला की पुढल्या वेळी चाप ओढण्यापूर्वीच त्याचे डोळे मिटतात, हात आखडतो आणि नेम सुटतो. ही खोड एकदा जडली की जाता जात नाही. हरणाच्या खांद्यामागे, हृदय आणि फुप्फुसे असतात तेथे, शांतपणे लागलेली हलकी गोळी त्याला लवकर संपविते. पोटात लागलेली जड गोळी त्याला तासन्‌तास छळते. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा पुरा वाढलेला नर आपल्या काळविटाच्या दुप्पट वजनाचा सहज भरतो, तरी त्याच्यासाठीसुद्धा शंभर-दीडशे मीटरच्या आत ‘.२४३’ पुरेसे पडते.

शिवाय एकाच रायफलीतून निरनिराळ्या वजनांच्या गोळ्या निरनिराळ्या ठिकाणी लागतात. म्हणून ज्या जातीच्या काडतुसांवर दुर्बिणीचा नेम बसविला, त्याच जातीची काडतुसे रानात न्यावयाची. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे हे पाहिल्यावाचून चापाला बोट लावावयाचे नाही. कारण चुकलेली रायफलीची गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. विस्कॉन्सिन राज्यात १९७३ पासून पुढे जन्मलेल्या कोणासही शिकार-सुरक्षेचा पाठ पुरा केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही, तो याचसाठी.

तिसरी बाब स्वयंपाकघराशी निगडित असल्यामुळे गृहिणींनीही ऐकण्यासारखी आहे. शिशाची गोळी देहात फुलताना तिचे अतिसूक्ष्म कण मांसात दूरवर विखुरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, क्ष-किरणांच्या चित्रात दिसतात. २००८ साली नॉर्थ डाकोटात गरिबांना वाटण्यासाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात असे कण आढळले आणि ते मांस टाकून द्यावे लागले. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना शिसे विशेष अपायकारक असते. कॅलिफोर्नियात शिकाऱ्यांनी मागे टाकलेले अवशेष खाऊन काँडोर गिधाडांना विषबाधा होत असे. तेथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. निखळ तांब्याची गोळी फुलताना कमळासारखी उमलते, पण फुटत नाही. ती किंचित महाग पडते, आणि वेग उतरल्यावर नीट उमलत नाही. म्हणून तिच्यासाठी पल्ला आखूड ठेवावा लागतो. ज्या घरात ते मांस मुलांच्या पानात पडणार, तेथे हा जादा खर्च सोसणेच शहाणपणाचे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सारे पालटले. त्यात आरंभी शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. काळवीट पहिल्या परिशिष्टात मोडतो आणि त्याला मारणाऱ्यास तीन ते सात वर्षे कारावास आहे. ममदापूरभोवतालचे सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र २०१४ साली संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. शेतकऱ्याची तक्रार मात्र खोटी नाही. उन्हाळ्यात माळ करपला की कळप पाण्यासाठी आणि हिरव्या पाल्यासाठी शेतांत उतरतात आणि नासधूस करतात. रोही व रानडुक्कर यांच्याबाबत वनखात्याला लेखी परवानगी देता येते. काळविटाबाबत, तो माणसाच्या जिवावर उठल्याशिवाय किंवा असाध्य जखमी अथवा रोगी असल्याशिवाय, तीही देता येत नाही. शेतकऱ्याच्या हाती उरते ती सरकारी नुकसानभरपाई, आणि ती मिळविण्यासाठी पंचनामा वेळेवर झाला पाहिजे.

येवल्याच्या एखाद्या मुलाला काडतुसाची निवड खरोखरच शिकावयाची असेल, तर मार्ग निशाणबाजीच्या मैदानाचा आहे. शस्त्राच्या परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पुरी व्हावी लागतात, तरी प्रशिक्षणापुरती कायद्याने लहानांनाही सवलत ठेवली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस येथे ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले, ते ०.२२ इंची काडतुसावर. या खेळात काडतुसाची परीक्षा शिकाऱ्याहूनही कडक असते. एकाच कारखान्यातून, एकाच नावाने, पण निरनिराळ्या दिवशी निघालेले घाण खेळाडू आपल्या रायफलीतून झाडून पाहतात, ज्या घाण्याची छिद्रे कागदावर सर्वांत जवळ पडतात तो निवडतात, आणि त्याचीच पेट्यांमागून पेट्या साठवून ठेवतात.